सरकत्या दाराची मोठी जुनी गाडी घेताना पाणी कुठे मुरतं?

जुनी गाडी बघायला गेलं की आपल्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "किती फिरली?" बडोद्यात तरी हा दुसरा प्रश्न असायला हवा. पहिला असा: ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात ही गाडी कुठे उभी होती?

त्या आठवड्यात विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली आणि समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, वडसर या भागांत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. त्याआधी ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ अर्धा मीटर पाऊस पडला होता, तेव्हाही हेच झालं. सोसायटीच्या दारात आलेल्या मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्या पाण्यातून निघालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं याची चौकशी मात्र कुणी केली नाही. काही दुरुस्त होऊन मालकाकडेच राहिल्या. काही विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढल्या, त्या लिलावात गेल्या, धुऊन-पुसून चकाचक झाल्या आणि पुन्हा बाजारात उभ्या राहिल्या.

सरकत्या दाराच्या गाडीला हा प्रश्न जास्तच लागू पडतो. दार ज्या खालच्या रेलवर धावतं ती पायरीच्या आतच, म्हणजे गाडीच्या सगळ्यात खालच्या भागात असते. बटणावर चालणारं दार असेल तर त्याच्या वायरीही तिथूनच जातात. पाणी फरशीपर्यंत आलं की आधी हीच जागा भरते, आणि धुणारा ही जागा नेमकी विसरतो.

आधी ठरवा, सरकतं दार कशासाठी हवंय

दांडिया बाजार, रावपुरा किंवा जुन्या पोळीत, म्हणजे अरुंद गल्लीच्या वस्तीत, राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ॲक्टिव्हांची रांग, आणि नेहमीच्या दाराला उघडायला हात-दीड हात मोकळी जागा लागते. सरकतं दार वीतभर बाहेर येतं आणि मागे जातं. मुलं शेजारच्या गाडीवर दार आपटत नाहीत, आजींना अंग चोरून उतरावं लागत नाही.

पण घरापुढे मोकळं अंगण असेल आणि गाडी मुख्यतः पुण्या-नाशिकच्या लग्नकार्यांसाठी लागत असेल, तर इनोव्हा किंवा अर्टिगा घ्या. दोन्हींची दारं नेहमीसारखी बिजागरीची आहेत, निवड भरपूर आहे आणि पुढे विकायलाही सोपं जातं. सरकत्या दाराच्या गाड्या आपल्याकडे मोजक्याच. त्यामुळे चांगली जुनी मिळेपर्यंत थांबावं लागतं, आणि घाई झालेल्याच्याच गळ्यात वाईट गाडी पडते.

बाजारात काय मिळतं

साधारण तीन गाड्यांभोवती सगळा विचार फिरतो.

मारुती ईको २०१० पासून सुरू आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांचा तोटा नाही. दोन्ही बाजूंना सरकती दारं, मागच्या चाकांना जोर, दुरुस्ती कोणत्याही नाक्यावर. पण कुटुंबासाठी घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: सात आसनांची ईको कंपनीने वर्षानुवर्षं एसीशिवाय विकली, एसी आणि कंपनीची सीएनजी पाच आसनांच्या गाडीत. म्हणजे "सेव्हन सीटर, एसी, सीएनजी, सगळं आहे" असं कुणी सांगितलं, तर यातलं काहीतरी बाहेरून बसवलेलं आहे असं समजा. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे मे महिन्यात चालकाच्या मांड्या भाजतात. जुन्या ईकोला पॉवर स्टिअरिंग नाही. आणि सुरक्षिततेचं तोंडावर सांगायलाच हवं: गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१६ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. २०१९ मध्ये चालकाची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. मुलाबाळांना घेऊन हायवेला जायचं असेल तर २०१९ च्या आधीची ईको मी घेणार नाही, कितीही स्वस्त मिळो.

ईकोत आणखी एक शोध घ्यावा लागतो, शाळेच्या वर्दीचा, म्हणजे मुलांची रोज ने-आण केल्याच्या खुणांचा. आपल्या गावात व्हॅनवाल्या काकांकडे बहुतेक ईकोच असतात. वर्दीच्या गाडीचं मीटर फार पुढे गेलेलं नसतं, कारण फेऱ्या छोट्या. पण दारं? दिवसातून चाळीस-पन्नास वेळा उघडझाक, तीही मुलांच्या हातून. मधल्या सीटच्या कडा घासलेल्या, आतल्या पत्र्यावर बुटांचे ओरखडे, छतावर कॅरियरच्या खुणा दिसल्या की ओळखा.

दुसरी निसान इव्हालिया, २०१२ साली आलेली, आणि तिचीच जुळी बहीण अशोक लेलँड स्टाइल. दोन्ही चेन्नईजवळच्या ओरगडमला बनत, २०१५ पर्यंत दोन्ही बंद झाल्या. गाडी म्हणून माझ्या मते हिच्यावर अन्याय झाला. लांबी फक्त ४.४ मीटर, आत जागा भरपूर, दीड लिटरचं डिझेल इंजिन काटकसरी. तेच इंजिन डस्टर, टेरानो, सनीतही होतं, त्यामुळे इंजिनाचे भाग मिळतात. दार, रेल, काचा, दिवे यांच्यासाठी मात्र वणवण होते. एक रोलर तुटला तर भंगारबाजार पालथा घालावा लागतो. इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत ठरवा. सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत मधल्या रांगेच्या काचा उघडत नाहीत, पुढे सरकत्या काचा आल्या. नंतरची मिळाली तर बघा. आणि वय मोजा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२-१३ ची गाडी घेतलीत तर २०२७-२८ ला नूतनीकरण तुमच्या गळ्यात. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आहे, शिवाय फिटनेस तपासणी.

तिसरी खरी मोठी गाडी, किया कार्निवल. फेब्रुवारी २०२० मध्ये आली तेव्हा किंमत २४.९५ लाखांपासून सुरू होती. २०२३ मध्ये ती बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवी आवृत्ती आली ती थेट ६३.९० लाखांना. म्हणूनच जुनीचा भाव म्हणावा तसा उतरत नाही. ज्यांना ती हवी त्यांना नवी परवडत नाही. २.२ लिटर डिझेल, आठ गिअरचं ऑटोमॅटिक, सात ते नऊ आसनं, तिसरी रांग फरशीत बुडते. सुटे भाग बाहेरून आणून ती अनंतपूरला जोडली जायची, त्यामुळे मागचा दिवा फुटला तरी खिशाला चांगलीच कात्री लागते. बीएस-६ या धुराच्या कडक नियमांतलं डिझेल असल्याने धूर गाळणारा फिल्टर आहे. अलकापुरी ते सयाजीगंज एवढीच गाडी फिरली असेल तर तो फिल्टर तुंबलेला असू शकतो. आठवड्यातून एकदा तरी एक्स्प्रेसवेवर अर्धा तास सलग चालणारी गाडी यात बरी राहते.

टोयोटा वेलफायर आणि मर्सिडीज व्ही-क्लास ज्यांना घ्यायच्या आहेत त्यांना हा लेख वाचायची गरज नाही. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली, ती कुटुंबासाठी आता विचारात घेऊ नका.

टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरा

हे गाडी बघायला जाण्याआधीचं काम आहे, लोक ते नंतर करतात. कार्निवलची लांबी ५११५ मिमी, रुंदी आरसे सोडून १९८५ मिमी. आपल्या सोसायट्यांत आखलेली जागा पुष्कळदा पाच मीटरची असते. म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर. खांब कुठे येतो ते बघा, आणि सरकतं दार पूर्ण मागे गेलं की उतरायची जागा खांबासमोर येते का तेही. बेसमेंटला जाणारा उतार वळणाचा असेल तर तिथेही टेप लावा. ईको १४७५ मिमी रुंद आहे, तिला हा प्रश्न येत नाही.

घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला गाडी बघायला न्या. नऊवारी-सहावारीत पायरीवर पाय कसा पडतो, हाताला धरायला काय आहे, हे फोटोत दिसत नाही. तिसऱ्या रांगेत शाळकरी मुलाला बसवू नका, मेव्हण्याला बसवा.

दार: इथे वेळ घालवा

सरकत्या दाराला तीन रेल असतात: वर छताच्या कडेला, खाली पायरीत आणि मध्ये, मागच्या पत्र्यावर बाहेरून दिसणारी. प्रत्येक रेलवर रोलर. मालक गप्पा मारत असताना तुम्ही हे करा.

दार अर्धं उघडा, मागच्या कडेखाली दोन्ही हात घालून वर उचलायचा प्रयत्न करा. किंचित हालचाल चालते. टकटक वाजून बोटभर उचललं गेलं तर रोलर गेलेत. बंद दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. खाली मोठी आणि वर बारीक असेल तर दार लोंबलंय. मधली रेल ज्या पत्र्यावर आहे तिथे रंगाची छटा वेगळी दिसली, किंवा रेलच्या आत रंगाचे शिंतोडे दिसले, तर मागच्या बाजूला ठोकर बसून डेंटिंग झालंय. तिथला पत्रा दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी दार कधीच नीट बसत नाही. दोन्ही दारं एकामागून एक सरकवा आणि आवाजाची तुलना करा. फुटपाथकडच्या डाव्या दाराची झीज जास्त असणार, पण फरक फार असू नये.

मग उतारावर. बडोदा सपाट आहे, त्यामुळे बेसमेंटचा रॅम्प गाठा. गाडी नाक खाली करून उभी करा, हँडब्रेक ओढा, दार पूर्ण मागे सरकवा आणि हात सोडा. पूर्ण उघडल्यावर दार धरून ठेवणारा कॅच असतो. तो झिजला असेल तर दार आपोआप पुढे धावत येतं. वजन कमी नसतं, मुलाची बोटं मध्ये सापडली तर काय होईल सांगायला नको. याच कॅचसाठी मी किंमत तोडत नाही. तो बदलून द्या, मग पुढचं बोलू, असं सांगावं. लहान मुलांचं कुलूपही लावून आतून उघडून बघा.

कार्निवलमध्ये दार बटणावर चालतं, आणि ते किल्लीवरून, बाहेरच्या हँडलवरून, आतल्या हँडलवरून आणि चालकाजवळच्या बटणावरून अशा सगळ्या जागांवरून पुन्हा पुन्हा चालवून बघा. पहिल्या वेळी सगळंच चालतं. मध्येच थांबलं, पुन्हा मागे गेलं, घरघर आली, तर मोटर, केबल किंवा वायरिंग. कधी फक्त बॅटरी कमजोर. यातलं कोणतं ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या, मालकाच्या "बॅटरी बदलली की होईल" यावर जाऊ नका. मध्ये काही आलं तर दाराने उलट फिरायला हवं. त्यासाठी टॉवेलची घट्ट वळकटी मध्ये धरा, हात नको. अमेरिकेत २०२३ मध्ये कियाने २०२२-२३ च्या पन्नास हजारांहून अधिक कार्निवल याच दारांच्या कारणासाठी परत बोलावल्या होत्या. ती आवृत्ती आपल्याकडच्या जुन्या गाडीच्या पुढची आहे, पण ही तपासणी का टाळू नये ते यातून कळतं.

गाळ कुठे लपतो

आता पाण्याकडे. खालच्या रेलमध्ये टॉर्च मारा आणि कापूस गुंडाळलेली काडी कोपऱ्यात फिरवा. रस्त्याची धूळ कोरडी, काळसर, केसांच्या गुंत्यासकट निघते. पुराचा गाळ पिवळट-करडा, पिठासारखा बारीक असतो आणि धुतल्यावरही रेलच्या टोकाला, रोलरच्या ब्रॅकेटमागे पापडीसारखा चिकटून राहतो. तो नखाने सुटला की गाडी पाहणं थांबवलंत तरी चालेल.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. मधल्या रांगेतल्या बेल्टच्या खालच्या भागात आडवी डागाची रेघ सापडते. रोजच्या वापरात तो भाग बाहेरच येत नाही, म्हणून कुणी धूत नाही. सीटखालचे बोल्ट, सीटच्या पट्ट्या, डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का बघा. कार्निवलमध्ये तिसरी रांग बुडते तो खोल हौदच आहे, पाणी तिथे साठतं. रांग वर काढा आणि तळाचं कापड उचला. ईकोत पुढची सीट उचलून इंजिनाभोवतीच्या वायरींचे जोड बघा. हिरवट बुरशी आलेली पितळी टोकं म्हणजे पाणी. आत अत्तराचा भडिमार असेल तर काचा बंद करून गाडी उन्हात पंधरा मिनिटं ठेवा, मग दार उघडून वास घ्या. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकलाय.

आणि एक पुरावा कागदावर मिळतो, तो मला यातला सगळ्यात भरवशाचा वाटतो. विम्याची लागोपाठची सगळी पॉलिसीपत्रं मागा आणि नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा बघा. क्लेम नसेल तर तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. २०२० ला घेतलेल्या एकाच मालकाच्या गाडीवर २०२४ च्या पुराआधी ३५ किंवा ४५ टक्के होता आणि त्यानंतरच्या पॉलिसीत शून्य झाला, तर मधे काहीतरी मोठं घडलं. काय घडलं ते मालकाला विचारा, उत्तर देताना तो कुठे बघतो ते तुम्ही बघा. बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलं असेल तर क्लेम होऊनही आकडा टिकतो, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंदही काढा. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये गाडी महिनाभर वर्कशॉपमध्ये असेल तर ते तिथे दिसतं.

कागद

परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाका: मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. ई-चलन वेगळं बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

जीजे-०६ ची, म्हणजे बडोद्यातच नोंदलेली, गाडी मिळाली तर सगळं सोपं. मुंबई-पुण्याची एमएच गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. राज्य बदलून १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो आणि गुजरातचा कर भरावा लागतो. जुन्या राज्यातल्या कराचा परतावा कुणाला मिळणार ते सौद्यातच लिहून घ्या, नातेवाईक असला तरी. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या तिथल्या दहा वर्षांच्या नियमामुळे स्वस्तात इकडे येत राहिल्या. स्वस्त का, याचं उत्तर मिळालं तरी एनओसी आधी, बयाणा नंतर.

पिवळ्या पाटीची टॅक्सी खासगी करून विकलेली असेल तर आरसीच्या इतिहासात दिसतं. डीलरकडून घेत असाल तर एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओचं अधिकृतीकरण लागतं, ते दाखवा म्हणावं.

सीएनजी असेल तर तीन गोष्टी: आरसीवर इंधन पेट्रोल-सीएनजी असं नोंदलेलं, सिलिंडरच्या चाचणीचं प्रमाणपत्र (ही चाचणी दर तीन वर्षांनी असते) आणि बिल. बाहेरचा किट आरसीवर चढवलेला नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

सौदा झाल्यावर

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो, तुमचा हप्ता वाढेल, ते धरून चाला. पहिल्याच आठवड्यात तिन्ही रेल ब्रशने साफ करून घ्या आणि सिलिकॉनचा स्प्रे मारा. घट्ट ग्रीस थापू नका, त्यात धूळ बसून रोलर लवकर झिजतात. पायरीखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, नाहीतर साध्या पावसातही रेलमध्ये पाणी साचेल. आणि विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा. एका गाडीला एकच चालतो. जुना सुरू राहिला तर तुमचा नवा निघत नाही आणि हायवेच्या पहिल्याच टोलवर वाद घालत उभं राहावं लागतं.